उसनवारीचा आकडा

नोएडाच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. २०१४ साली सरकारने ‘सीपीएसई ईटीएफ’ नावाचा फंड काढला, तेव्हा त्यांनी त्यात थोडी रक्कम घातली होती. वर्षभर युनिट्स मोडली नाहीत म्हणून पंधरामागे एक याप्रमाणे बक्षिसाची युनिट्सही मिळाली. मुलगा गुरुग्रामला नोकरीला आहे आणि मोबाइलवर अमेरिकेतल्या फंडांचे आकडे चाळणे हा त्याचा छंद आहे. तिकडच्या एका फंडापुढे ‘शॉर्ट इंटरेस्ट’ शंभर टक्क्यांच्या वर गेलेला त्याला दिसला. आईला म्हणाला, ‘असल्या फंडात माणसाने राहू नये. आपलंही एकदा बघायला हवं.’ बाई लिहितात, ‘मला आधी वाटलं, शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे व्याज कमी. तसं नाही म्हणे. मग हे आहे तरी काय, आणि आमचे पैसे त्यात अडकलेत का?’

प्रश्न चांगला आहे. व्याजाचा गैरसमज तर अगदी साहजिक आहे, कारण आपल्या घरांत ‘इंटरेस्ट’ हा शब्द बँकेच्या पासबुकातूनच आलेला असतो. इथे मात्र त्याचा अर्थ व्याज असा नाही. एखाद्या शेअरचा किंवा फंडाचा उसना घेऊन विकलेला आणि अजून परत न केलेला माल किती आहे, त्याचा हा आकडा. मराठीत सांगायचे तर उसनवारीची थकबाकी.

उसने घेऊन विकायचे म्हणजे काय, हे कांद्याच्या उदाहरणाने पाहू. नाशिककडचा कांदा दिल्लीत आझादपूर मंडीत येतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. समजा, तिथल्या एका व्यापाऱ्याला वाटते की महिन्याभरात भाव पडणार. त्याच्याकडे कांदा नाही. तो शेजारच्या आडत्याकडून दहा पोती उसनी घेतो, महिन्याने दहा पोती परत देण्याच्या बोलीवर, आणि त्यासाठी थोडे भाडेही कबूल करतो. आजच्या पोत्याला १,५०० रुपये भावाने तो माल विकून १५,००० रुपये खिशात घालतो. महिन्याने भाव १,००० वर आला, तर १०,००० रुपयांत दहा पोती घेऊन परत करतो. भाडे सोडले, तर ५,००० सुटले. पण अवकाळी पाऊस झाला आणि पोते ४,००० वर गेले, तर? आडत्याला भावाशी देणेघेणे नाही, त्याला दहा पोती हवीत. ४०,००० मोजून ती आणावी लागतात आणि २५,००० रुपये पदरचे जातात. या धंद्यात नफ्याला मर्यादा आहे, कारण भाव शून्याच्या खाली जात नाही. तोट्याला मर्यादा नाही, कारण भाव कितीही वर जाऊ शकतो. म्हणून हा घरगुती गुंतवणूकदाराचा खेळ नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण इतर लोक तो खेळतात, आणि त्यांच्या खेळाची सावली आपल्या फंडावर पडते, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

शेअर बाजारात कांद्याच्या जागी शेअर येतात, एवढाच फरक. एका कंपनीचे एक कोटी शेअर बाजारात फिरत असतील आणि त्यातले तीस लाख असे उसने घेऊन विकलेले असतील, तर शॉर्ट इंटरेस्ट तीस टक्के. जाणकार आणखी एक भागाकार करतात. त्या शेअरची रोजची उलाढाल दहा लाख असेल, तर मंदीवाल्यांना सगळा माल परत घ्यायला साधारण तीन दिवस लागतील. हे दिवस जितके जास्त, तितकी त्यांची मान अडकलेली. अमेरिकेत हा आकडा महिन्यातून दोनदा जाहीर होतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवी आहे असे मात्र समजू नका. ज्यांनी जुना बाजार पाहिला आहे, त्यांना ‘बदला’ हा शब्द आठवेल. मुंबई, कलकत्ता, अहमदाबाद आणि दिल्ली या बाजारांत बदल्याचे व्यवहार चालत. दिल्लीचा शेअर बाजार आसफ अली रोडवर होता. १९४७ साली स्थापन झालेल्या या बाजाराची मान्यता २०१४ च्या नोव्हेंबरात सेबीने काढून घेतली. खरे तर १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू झाले आणि गावोगावच्या बाजारांचे दिवस तेव्हाच भरत आले होते. तर या बदल्यात असे होई की तेजीवाल्याने माल घेतला पण पैसे तयार नाहीत, तर तो बदल्याचे पैसे भरून सौदा पुढच्या हिशेबावर ढकलत असे. मंदीवाल्याने माल विकला पण द्यायला शेअरच नाहीत आणि तुटवडा फार झाला, की प्रवाह उलटा वाहू लागे. मंदीवाला तेजीवाल्याला पैसे देई. याला गुजराती दलालांच्या भाषेत ‘उंधा बदला’ म्हणत. शॉर्ट इंटरेस्टचा आकडा छापून येत नसला, तरी उंधा बदला पडला म्हणजे उसनवारी फार झाली, हे लोकांना कळत असे.

१९८२ साली मुंबईत हे नाट्य चांगलेच रंगले होते. रिलायन्सच्या शेअरमध्ये मंदीवाल्यांच्या एका टोळीने, ज्यात कलकत्त्याचे दलाल होते असे सांगतात, भरमसाट विक्री केली. धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या लोकांनी तो सगळा माल घेतला आणि हिशेबाच्या दिवशी सांगितले, ‘शेअर आणून द्या.’ शेअर होते कुठे? भाव असा चढला आणि गोंधळ असा माजला की बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. अशा कोंडीला आज ‘शॉर्ट स्क्वीझ’ म्हणतात. शब्द नवा, कोंडी तीच.

पुढे केतन पारेख प्रकरणानंतर मार्च २००१ मध्ये सेबीने शॉर्ट विक्रीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी जुलैत बदलाही संपला. त्यानंतर रीतसर उसनवारीची सोय व्हायला एप्रिल २००८ उजाडले. आज जवळ माल नसताना आणि उसनाही न घेता विकून मोकळे होणे नियमात बसत नाही. मोठ्या संस्थांना विक्रीची ऑर्डर देतानाच ‘ही शॉर्ट विक्री आहे’ असे सांगावे लागते, किरकोळ गुंतवणूकदाराला त्याच दिवशी व्यवहार संपेपर्यंत. ही माहिती एकत्र करून शेअर बाजार दर आठवड्याला जाहीर करतात.

आता फंडाकडे येऊ, कारण इथेच गुरुग्रामच्या चिरंजीवांची गल्लत झाली आहे.

ईटीएफ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेला फंड. शेअरप्रमाणे तो दिवसभर विकता-घेता येतो. आपल्याकडचा पहिला ईटीएफ ‘निफ्टी बीज’. तो डिसेंबर २००१ मध्ये निघाला आणि पुढच्या महिन्यात बाजारात आला. वरून तो शेअरसारखा दिसतो, पण आतून त्याची घडण वेगळी आहे. कंपनीचे शेअर ठरलेले असतात, ते रातोरात वाढत नाहीत. फंडाची युनिट्स मात्र रोज नवी निघू शकतात आणि रोज मोडलीही जाऊ शकतात. काही मोठे दलाल फंड कंपनीशी करार करून बसलेले असतात. त्यांनी ठरलेल्या शेअर्सची टोपली फंडाला नेऊन दिली, की फंड त्यांना नवी युनिट्स देतो. युनिट्स परत केली, की टोपली परत मिळते. बाजारात युनिटचा भाव आतल्या मालापेक्षा वर गेला, तर हे दलाल टोपली देऊन युनिट्स घेतात आणि बाजारात विकतात. भाव खाली गेला, तर उलट करतात. आपला फायदा पाहता पाहता ते भाव ताळ्यावर ठेवतात.

एकदा हे ध्यानात आले, की शॉर्ट इंटरेस्टच्या आकड्याचा सूरच बदलतो. एक तर शंभर टक्क्यांच्या वर जाणे. शंभर युनिट्सचा छोटासा फंड धरू. पहिल्याकडची साठ युनिट्स दुसऱ्याने उसनी घेतली आणि तिसऱ्याला विकली. तिसऱ्याला हा उसना माल आहे हे ठाऊकही नसते, त्याच्या दृष्टीने ती त्याची स्वतःची युनिट्स. त्यानेही ती चौथ्याला उसनी दिली आणि चौथ्याने पाचव्याला विकली. उसने घेऊन विकलेला माल झाला एकशेवीस, आणि फंडात युनिट्स शंभरच. शॉर्ट इंटरेस्ट एकशेवीस टक्के. यात कोणी खोटी युनिट्स छापलेली नाहीत. शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर आपण तिसरीला दिली, तर साखर वाटीभरच असते, देणी मात्र दोन होतात.

दुसरे असे की फंड विकणारा प्रत्येक जण मंदीवाला नसतो. एखाद्याला एक विशिष्ट तेल कंपनी फार चांगली वाटते, पण सरकारी कंपन्यांचा एकूण भाव पडेल की काय याची धास्ती आहे. तो त्या कंपनीचे शेअर घेतो आणि सरकारी कंपन्यांचा फंड उसना घेऊन विकतो. सगळ्याच कंपन्या पडल्या, तर एकीकडे गेले ते दुसरीकडे भरून निघते. त्याचा डाव एवढाच की आपली कंपनी इतरांपेक्षा बरी निघावी. आकड्यात मात्र त्याची विक्री मंदीवाल्याच्या विक्रीसारखीच दिसते. अमेरिकेत फंडांच्या शॉर्ट इंटरेस्टचा मोठा भाग अशा विम्याचा असतो. शिवाय ते भाव सांभाळणारे दलालही गिऱ्हाइकाला युनिट आधी विकतात आणि टोपली देऊन नवे युनिट नंतर काढतात. मधल्या एक-दोन दिवसांत त्यांची विक्रीही शॉर्ट म्हणून मोजली जाते. मिठाईवाल्याने आधी ऑर्डर घेऊन मग भट्टी पेटवावी, तसे. त्याला आपण मिठाईच्या विरोधात आहे असे म्हणत नाही!

या दोन्ही गोष्टी जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत एकत्र पाहायला मिळाल्या. गेमस्टॉप ही व्हिडिओ खेळ विकणाऱ्या दुकानांची कंपनी. तिच्या फिरत्या शेअर्सपेक्षा जास्त शेअर उसने घेऊन विकलेले होते. हजारो छोट्या गुंतवणूकदारांनी ते हेरून खरेदी लावली. वर्षाच्या सुरुवातीला वीस डॉलरांच्या आत असलेला शेअर २८ जानेवारीला एका क्षणी ४८० डॉलरांच्या वर गेला. मंदीवाल्यांची दाणादाण उडाली. हा शेअर किरकोळ दुकानदारी क्षेत्राच्या ‘एक्सआरटी’ या फंडातही होता. गेमस्टॉप थेट उसना मिळेनासा झाल्यावर काहींनी तो फंड उसना घेऊन विकला. फंडाचाही शॉर्ट इंटरेस्ट शंभर टक्क्यांच्या वर गेला, पण गेमस्टॉपसारखी कोंडी तिथे झाली नाही, कारण गेमस्टॉपचे नवे शेअर कोणी बनवू शकत नव्हते आणि फंडाची नवी युनिट्स बनत होती. एकाच आकड्याचा शेअरमध्ये एक अर्थ आणि फंडात दुसरा, तो असा.

बाईंच्या फंडाबद्दल बोलायचे, तर तिथे उसन्या युनिट्सचा प्रश्न जवळजवळ नाहीच. आपल्याकडे उसनवारीच्या बाजारात काही ठरावीक शेअर आणि भरपूर उलाढाल असलेले निर्देशांकांचे ईटीएफ एवढ्यांनाच जागा आहे, आणि एकूण व्यवहारही अमेरिकेच्या मानाने फार थोडा. ज्याला बाजार पडेल असे वाटते, तो इथे युनिट उसने घेत बसत नाही. तो सरळ निफ्टीचा वायदा विकतो. दूरदर्शन वाहिन्यांवर परदेशी संस्थांच्या ‘शॉर्ट’ सौद्यांबद्दल जे ऐकू येते, ते बहुतेक वायद्यांबद्दल असते. तिथला ‘ओपन इंटरेस्ट’ आणि आपण पाहतो आहोत तो ‘शॉर्ट इंटरेस्ट’ यांची सरमिसळ करू नये. वायद्यात प्रत्येक विकणाऱ्यासमोर एक घेणारा असतोच, तिथे कोणाचा माल कोणी उसना आणलेला नसतो.

तरीही सीपीएसई ईटीएफची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण मंदीचे सौदे फंडाच्या युनिट्समध्ये न दिसता आतल्या शेअर्समध्ये कसे दिसतात, याचा तो नमुना आहे. हा फंड अगदी दिल्लीचा. सरकारने आपल्या कंपन्यांमधला वाटा थोडा थोडा विकण्यासाठी तो काढला. हे काम पाहणाऱ्या निर्गुंतवणूक विभागाचे २०१६ साली ‘दीपम’ असे नामकरण झाले. लोधी रोडवरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधून तो चालतो. आरंभी फंडात दहा कंपन्या होत्या. ओएनजीसी, गेल, कोल इंडिया, पॉवर फायनान्स, इंजिनिअर्स इंडिया वगैरे. यातल्या कित्येकांची कार्यालये दिल्लीकर रोज बसमधून पाहतात. मार्च २०१४ च्या पहिल्या विक्रीत ३,००० कोटी रुपये जमा झाले आणि घेणाऱ्यांना ५ टक्के सूट मिळाली. मग जानेवारी २०१७ मध्ये पुन्हा विक्री, पुन्हा ५ टक्के सूट. त्याच मार्चमध्ये तिसरी. २०१८, २०१९, २०२० असे हे चालू राहिले. सूट कमीजास्त होत जुलै २०१९ मध्ये ३ टक्क्यांवर आली.

आता चतुर माणसाच्या नजरेने पाहा. सरकार शंभर रुपयांचा माल पंचाण्णव रुपयांत देणार आहे आणि तारीख आधी जाहीर आहे. तो काय करील? त्याच कंपन्यांचे वायदे शंभराच्या भावाने विकून ठेवील, अर्ज भरून पंचाण्णवला युनिट्स घेईल आणि मग दोन्ही सौदे मोडील. बाजार वर गेला काय, खाली गेला काय, त्याचे चार-पाच रुपये सुटले. त्याला या कंपन्यांबद्दल ना राग, ना लोभ. पण असे अनेक जण एकाच वेळी वायदे विकायला आले, की विक्रीच्या तोंडावर त्या शेअर्सवर दाब येतो, आणि सूट ज्या भावावर मोजायची तो भावच खाली सरकतो. पाच टक्के सुटीचा आनंद मानणाऱ्या साध्या अर्जदाराच्या हाती खरोखर किती लागले, हे म्हणून त्या आठवड्याचे भाव पाहिल्याशिवाय सांगता येत नसे.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे खुद्द मालकच विकत होता. उसना माल विकणाऱ्याला कधी ना कधी तो परत विकत घ्यावाच लागतो. आज त्याने भाव पाडला, तरी उद्या तोच गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो. मालक विकतो तेव्हा तो परत येत नाही. सरकार दर वर्षी पुन्हा विकायला येणार, हे बाजाराला पाठ झाले होते. त्यातच तेल आणि कोळशाच्या कंपन्यांचे दिवस बरे नव्हते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या घसरणीत हा फंड २०१४ च्या विक्रीभावाच्याही खाली गेला. सहा वर्षे थांबलेल्या माणसाच्या हाती मुद्दलसुद्धा नाही! पुढे मालकाने फंडातून विकणे थांबवले, वीज, कोळसा आणि संरक्षण क्षेत्राच्या कंपन्यांचे नशीब उघडले, आणि भाव त्या तळापासून कितीतरी पटींनी वर गेला. धीर धरणाऱ्या बाईंच्या यजमानांचे कौतुक करायला हवे. पण या सगळ्या चढउतारात शॉर्ट इंटरेस्ट पाहून कोणाला काही कळले असते, असे मला वाटत नाही. ‘विकतो कोण? उसना की मालक?’ हा प्रश्न विचारला असता, तर कळले असते.

आता भविष्यनिर्वाह निधीविषयी, कारण पगारदार घरांचा सगळ्यात मोठा ईटीएफ तिथे आहे आणि पुष्कळांना त्याची कल्पना नसते. ईपीएफओने, ज्याचे मुख्य कार्यालयही दिल्लीतच आहे, ऑगस्ट २०१५ पासून दर वर्षी नव्याने येणाऱ्या पैशातला काही भाग ईटीएफमध्ये घालायला सुरुवात केली. आधी ५ टक्के, मग १०, आणि २०१७ पासून १५ टक्के. यात प्रामुख्याने निफ्टी आणि सेन्सेक्सचे फंड आहेत, शिवाय सीपीएसई आणि भारत २२ हे सरकारी फंडही. सभासदाच्या खात्यात मात्र युनिट्स नसतात, जाहीर झालेले व्याज जमा होते. तेव्हा ‘माझ्या पीएफच्या फंडात शॉर्ट किती?’ अशी चिंता करून रक्तदाब वाढवू नये.

चिंता कधी करावी, याचे उदाहरण जानेवारी २०२३ चे. हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकन संस्थेने अदानी समूहावर आरोप करणारा अहवाल काढला आणि आपण या समूहाच्या रोख्यांत मंदीचे सौदे केले आहेत, हेही सांगून टाकले. समूहाने आरोप नाकारले, पण शेअर कोसळले आणि अदानी एंटरप्रायझेसने २०,००० कोटी रुपयांची शेअर विक्री १ फेब्रुवारीला मागे घेतली. समूहातल्या दोन कंपन्या तेव्हा निफ्टीत होत्या, म्हणजे निफ्टीचा फंड ज्याच्याकडे होता, त्याच्याकडे थोडे थोडे अदानीही होतेच. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने माजी न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. ३ जानेवारी २०२४ च्या निकालात शॉर्ट सौद्यांमुळे भारतीय गुंतवणूकदारांचे जे नुकसान झाले, त्यात कायद्याचा भंग झाला का, हे सरकारने आणि सेबीने तपासावे असे न्यायालयाने सांगितले. दोनच दिवसांनी सेबीने शॉर्ट विक्रीचे नियम एकत्र करून पुन्हा प्रसिद्ध केले. वर सांगितलेले नियम ते हेच. फंडधारकाने या प्रकरणातून एवढे पाहावे की मंदीवाल्याचा हल्ला एखाद्या कंपनीवर होतो. फंडात अशी कंपनी किती टक्के आहे, त्यावर आपला धक्का अवलंबून. निफ्टीसारख्या पन्नास कंपन्यांच्या फंडात तो वाटला जातो, एकाच क्षेत्राच्या फंडात तो अंगावर येतो.

आता थोडी उलटी बाजू. मंदीवाला नसेल, तर सगळे आलबेल असते का? ऑक्टोबर २०२५ मध्ये धनत्रयोदशीच्या आधी चांदीची जी झुंबड उडाली, ती वाचकांच्या स्मरणात असेल. बाजारात खरी चांदी मिळेना. दलालांना चांदी आणून नवी युनिट्स काढणे जड जाऊ लागले आणि गिऱ्हाईक तर रांगेत उभे. चांदीच्या ईटीएफचे भाव आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा बरेच वर गेले. काही फंड कंपन्यांनी आपल्या चांदीच्या ‘फंड ऑफ फंड’ योजनांत एकरकमी पैसे घेणे तात्पुरते थांबवले. अशा वेळी युनिट्स उसनी घेऊन चढ्या भावाने विकणारे पुरेसे लोक असते, तर हा फुगा लवकर बसला असता. तसे झाले नाही, आणि सणाच्या मुहूर्तावर वरचा भाव देऊन युनिट्स घेणाऱ्यांनी चांदीच्या किमतीखेरीज गर्दीचीही किंमत मोजली. तुटवडा सरताच तो वरचा भाग गेला. परदेशी शेअर्सच्या ईटीएफचेही असेच होते. परदेशात पैसे नेण्याची मर्यादा भरली, की नवी युनिट्स काढणे थांबते आणि असलेल्या युनिट्सचा भाव आतल्या मालाशी फारकत घेतो.

म्हणून घरच्या माणसाने ईटीएफ घेण्यापूर्वी शॉर्ट इंटरेस्ट शोधत बसण्याऐवजी ‘आय-नॅव्ह’ पाहावी. युनिटच्या आतल्या मालाची या क्षणाची अंदाजे किंमत म्हणजे ही आय-नॅव्ह. फंड कंपनीच्या संकेतस्थळावर ती दिवसभर दिसते. बाजारभाव तिच्या जवळपास असेल, तर ठीक. शंभराच्या मालाला एकशेदहा मागत असतील, तर भाजीवालीपाशी आपण जे करतो, तेच करावे. पिशवी तशीच घेऊन पुढे जावे.

मुलाला अमेरिकन फंडाचे आकडे पाहायचेच असतील, तर त्याने निदान तीन-चार पंधरवड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यासोबत फंडाच्या एकूण युनिट्सची संख्या पाहावी. पुष्कळदा शॉर्ट वाढलेला नसतो. लोकांनी युनिट्स मोडल्यामुळे भागाकाराचा खालचा आकडा लहान झालेला असतो, आणि टक्केवारी आपोआप फुगते. तो फंड उसना मिळायला किती भाडे पडते, हे कळले तर आणखी बरे. भाडे नाममात्र असेल, तर माल मुबलक आहे, कोंडीची भीती कमी. भाडे चढत असेल, तर तो जुना उंधा बदलाच समजावा.

राहता राहिले ते व्याज. बाईंनी म्हटलेले ‘व्याज’ या व्यवहारात कुठेच नाही असे नाही, ते उसने देणाऱ्याला मिळते. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे न विकायचे शेअर पडून आहेत, ते आपल्या दलालामार्फत उसनवारीच्या बाजारात देऊ शकतात. मुदत जास्तीत जास्त बारा महिन्यांची असते. माल परत मिळण्याची हमी शेअर बाजाराचे क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते, आणि मधल्या काळात लाभांश जाहीर झाला, तर ती रक्कम उसने घेणाऱ्याकडून वसूल करून मूळ मालकाला दिली जाते. पण सगळेच दलाल ही सोय देत नाहीत, छोट्या संख्येला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही, आणि मिळणाऱ्या भाड्यातून दलाली व कर जातो. आपला शेअर किंवा फंड त्या यादीत आहे का, आणि आपल्या दलालाकडे ही सोय आहे का, एवढी चौकशी आधी करावी.